पाठमोरी

आमच्या गावात दोन देवी
एकमेकींकडे पाठ करून बसल्यात,
मधे अख्खं कोल्हापूर.
अंबाबाईचं तोंड मावळतीला,
टेंबलाईचं उगवतीला, टेकडीवर.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.
कामाक्षानं योगदंड फिरवला
आणि देवांच्या शेळ्यामेंढ्या झाल्या.
टेंबलाईनं तो दंड हिसकावून घेतला,
सगळ्यांना परत माणसात आणलं
(देवांना माणसात आणलं म्हणायचं का?
आमच्यात असंच म्हणतात).
मग विजयाच्या पंगती उठल्या,
आणि बोलावणं द्यायचं राहिलं
ते नेमकं तिलाच.

लहानपणी मला वाटायचं
ही आमच्याच घरातली गोष्ट,
देवळातल्यांनी उचलून नेली.

कारण मी आडवी आले होते.
रात्री अडीचला सोनामावशी
टेंबलाईवाडीतून दुधाच्या टेम्पोत बसून आली,
डॉक्टरीणबाईंचं दार बडवलं,
जोतिबाला पाच नारळ बोलली,
सकाळी गुजरीत बोरमाळ ठेवून पैसे आणले.

बाराव्या दिवशी बारसं.
मावशीचा निरोप मामाकडं दिला,
मामानं आपल्या पोराकडं,
आणि पोरगं गेलं खासबागेत
कुस्त्या बघायला.

एवढंच.
नऊ वर्षं.

आई महाद्वारापाशी ओटी विकायची:
हिरवा खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या.
ललितापंचमीला पालखी निघाली
की दुकानावर फडकं टाकून मागोमाग जायची,
बिंदू चौकापर्यंत.
तिथून परत.
‘गिऱ्हाईक खोळंबलं असंल,’ म्हणायची.
गिऱ्हाईक कुठलं?
सगळं गाव पालखीमागं गेलेलं.

त्या वर्षी मात्र बिंदू चौक गेला,
बागल चौक गेला,
टाकाळ्याच्या चढाला मी विचारलं, दमलीस का?
ती काही बोलली नाही.
दोन्ही हातांनी एक कोहळा
पोटाशी धरून चालली होती,
दिवस भरल्यासारखी.

वर माझ्याच वयाची गुरवांची पोर,
नवं परकर-पोलकं, हातात त्रिशूळ.
घाव बसला
आणि फोडीसाठी माणसावर माणूस पडलं.
पोलिसांच्या शिट्ट्या, चपलांचा ढीग,
धुरळ्यातून मावशी बाहेर आली,
आंबाडा सुटलेला, मुठीत फोड,
मनगटाला बिया चिकटलेल्या.
आम्हाला बघितलं.
आणि फिरली पाठ करून.

आई तशीच तिच्या पाठीमागं उभी राहिली.
बराच वेळ.
कोहळा काही खाली ठेवला नाही तिनं.

‘ह्या वर्साला कोहळं पाणचट हाईत,’
मावशी समोरच्या माळाला म्हणाली.
‘पाऊस लई झाला,’ आई म्हणाली.

मग मावशी वळली, माझ्याकडं बोट केलं.
‘काय ठिवलंस हिचं नाव?’
आईचं तोंड उघडलं, तसा तिनं हात वर केला,
थांब.
खाली वाकली.
कच्च्या कोहळ्याचा, मिश्रीचा वास
माझ्या कानापाशी आला,
आणि त्यात
‘कुर्रर्र...’
आणि माझं नाव,
बिनचूक,
शाळेच्या हजेरीत घेतात तसं आख्खं.

आता दोघी नाहीत.
किरणोत्सवाला मी देवळात उभी असते,
दिवे मालवलेले, शेकडो माणसं श्वास धरून.
ऊन उंबरा ओलांडतं.
पहिल्या दिवशी पायांवर,
दुसऱ्या दिवशी कमरेला,
तिसऱ्या दिवशी, ढग नसले तर, मुखावर.
लोक हात जोडतात.
माझं लक्ष मात्र तिकडं, टेकडीवर असतं.
तेच ऊन या घटकेला
तिच्या पाठीवर पडत असणार.

एकदा आरती झाल्याझाल्या
रिक्षा करून गेले वर.
अंधार पडलेला, पुजारी कुलूप शोधत होते.
मागच्या बाजूला जाऊन भिंतीला हात लावला.
दगड
अजून कोमट होता.