चौथ्या आणि पाचव्या धड्याच्या मध्ये

मुहर्रकच्या गल्लीत रमजानची अठरावी रात्र,
आणि सोमवारी शर्वरीचा इतिहासाचा पेपर.
पेन्सिल चावत ती विचारते,
बाबा, चौथ्या धड्यात राजा मरतो,
पाचव्यात एकदम आगबोटी येतात.
मधली दोनशे वर्षं काय सगळे झोपले होते?

मी नुकताच ड्रायडॉकवरून आलेला,
नखांत अजून जहाजाचा लाल रंग.
म्हटलं, झोपले नसतील.
कामावर गेले असतील.

बाहेरच्या खोलीत राज्याभिषेक चालू आहे,
गेले तीन आठवडे तोच.
प्रत्येक सरदाराच्या तोंडावर कॅमेरा तीनदा जातो,
तीनदा वीज कडाडते,
मग गुडघेदुखीचं तेल.
स्वरूपा म्हणते, हळू बोला, आता तलवार निघेल.
तलवारीवर हात जातो,
ती म्यानाबाहेर यायला मात्र
उद्या साडेआठ वाजतील.

भिंतीपलीकडे उम्म राशिदच्या टीव्हीवर
मोत्यांचा काळ.
दर रमजानला तोच काळ,
लाकडी गलबत, तेल चोपडलेले पाणबुडे,
आणि किनाऱ्यावर वाट पाहणारी,
काजळ जराही न फिसकटलेली बायको.
परवा हरीसची वाटी द्यायला आली
तेव्हा आपल्या बाजारी हिंदीत म्हणाली,
"गाना दिखाता. उधार नहीं दिखाता."
तिचा बाप पाणबुड्या, कानाचे पडदे फाटलेला.
तो गेला तेव्हा नाखव्याच्या वहीत
त्याच्या नावापुढचा आकडा
तसाच उतरला तिच्या भावाच्या नावावर.
पण वही कोण बघणार रात्री दहा वाजता?
वही घोड्यावर बसत नाही.

हेच असावं बहुतेक.
ज्या काळाला घोडा असतो त्याला धडा मिळतो.
जो सनावळीत बसतो,
जो एका माणसाच्या मिशीत मावतो.
बाकीचा काळ असा पसरट, मतलई वाऱ्यासारखा,
कुठून सुटला सांगता येत नाही,
पाच गुणांत तर नाहीच नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही तलवार आवडते.
दिवसभर हेल्मेटखाली मान घालून
येस सर, येस सर केल्यावर
कुणीतरी कुणालातरी नाही म्हणताना बघितलं
की जेवण बरं जातं.
त्याला मी इतिहास म्हणतो.
ते माझंच काहीतरी असावं.

कपाटातून पत्र्याचा डबा काढला.
आजोबा, धाकू तांडेल, हर्णैचे.
कौलं घेऊन यायचे याच बंदराला,
खजूर भरून जायचे.
कुठल्याही लढाईत नव्हते.
एकदा दाढदुखीने आठ दिवस मस्कतला अडकले,
तेवढीच त्यांची मोहीम.
डब्यात त्यांची एक रुपयाची नोट, लाल,
आपल्या सरकारने फक्त या आखातासाठी छापलेली.
इथे तिच्यावर मासळी यायची, साबण यायचा,
हर्णैच्या वाण्याने उलटसुलट करून परत दिली.

शर्वरीने ती दिव्याखाली धरली.
"खोटी आहे?"
"खरी आहे. आपल्याकडे चालत नव्हती, एवढंच."
"मग पुस्तकात का नाही?"
तेवढ्यात बाहेर तुताऱ्या वाजल्या
आणि भिंतीपलीकडे पाणबुड्यांनी गाणं धरलं,
दोन्ही एकदमच.
तिला वाटलं माझं उत्तर त्यात बुडालं.
वाटू दिलं.

सोमवारी पेपरात सिंहासनाचं वजन आलं.
तिने बरोबर लिहिलं.
नोट अजून त्या दोन धड्यांच्या मध्येच आहे.
पुस्तक खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्यायचं ठरलंय,
त्याआधी आठवणीने काढायला हवी.
की राहू द्यावी?