पहिली निवड

यंदा पहिली निवड आमची.
तळाला राहिल्याचं एवढंच एक सुख.
अकरा सामने, नऊ हार, एक बरोबरी,
तीही समोरच्यांची बस फलजच्या गोलावर बंद पडली म्हणून.
एक जिंकलो. त्याचं श्रेय वाऱ्याला.

गुरुवारी रात्री सोहारच्या इंडस्ट्रियल एरियात,
कोयाक्काच्या कॅफेटेरियाच्या माडीवर
आठ संघांचे आठ मॅनेजर बसतील.
फ्रीजच्या दारावर यादी चिकटलेली असेल,
एक्केचाळीस नावं,
आणि सुलेमानी चहा थंड होत जाईल.

मला कुणी बोलावलेलं नाही.
मी स्टोअरकीपर. बोल्ट मोजतो, गॅस्केट मोजतो, हातमोजे मोजतो,
आणि शुक्रवारी पिकअपच्या फळीवर बसून
आमच्या डिफेन्सला शिव्या मोजतो.
तरी माझी यादी तयार आहे,
मटेरियल स्लिपच्या पाठीवर, शिसपेन्सिलीने.

शिहाब. मलप्पुरमचा, डाव्या पायाचा, वेल्डर.
चेंडू त्याच्या पायावर तर्रीसारखा,
खालून कितीही ढवळा, वरच.
पण व्हिसा फेब्रुवारीत संपतो
आणि लीग मार्चात.

क्वाबेना हेडर घेताना डोळे मिटत नाही.
असा माणूस मी आयुष्यात दोनदाच पाहिला.
पण त्याला रात्रपाळी. भट्टी काय
सेमीफायनल आहे म्हणून थांबते?

मुंधिर इथलाच, कोळ्याचा, अठरा पुरी नाहीत.
ओहोटीच्या ओल्या वाळूत त्याला बघावं.
बूट घातले की मात्र
पाहुण्याच्या घरी आल्यासारखा खेळतो.

आणि संग्राम. कोल्हापूरचा, पण पलीकडच्या तालमीचा.
तिकडे असतो तर गॅलरीतून मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.
इथे डब्यातला ठेचा अर्धा त्याला देतो
आणि म्हणतो, भावा, उजवीकडून कट मार.
ऐकत नाही. तालीमच तसली.

चौघांत गुण किती आणि अडचण किती,
रात्री पंखा बंद पडला की हिशेब करतो.
खोलीतले बाकीचे तिघे झोपेत
आपापल्या गावचं काहीतरी बरळत असतात.

खिमलालचं नाव मी लिहिलं नव्हतं.
गोलकीपर, चाळिशीचा, उठताना गुडघे वाजतात.
गेल्या साली एकतीस गोल खाल्ले.
दर गोलानंतर जाळीतून चेंडू स्वतः काढायचा,
शर्टाला पुसायचा,
आणि मधल्या रेषेपर्यंत चालत आणून द्यायचा.
मला तेव्हा त्याचाच राग यायचा. फेक ना लांबून!

मलाही एकदा निवडलं होतं.
अंधेरीत, पत्र्याच्या गोदामात, छातीवर खडूने सदतीस.
आधी वेल्डर गेले, मग फिटर,
मग ज्यांचे दंड बरे ते.
दुपारी वडे आले. ते निवडलेल्यांसाठी.
संध्याकाळी आम्ही तिघे उरलो.
तो म्हणाला, तुला काय येतं?
म्हटलं, मोजता येतं.
त्याने वर न बघता बोट केलं.
बोट माझ्याकडे होतं की शेजारच्याकडे,
ते मला अजून नक्की माहीत नाही.
पुढे मात्र मी आलो.

असू दे. पहिली निवड वाया घालवू नये.
शिहाबच घ्या. फेब्रुवारीपर्यंत तरी
मान वर करून कॅन्टीनमध्ये जाता येईल.

आत्ताच फोन आला.
दादा, यादी बघितली? माझं आहे का त्यात?
म्हटलं, यादी लांबलचक आहे, शोधतोय.
बरं, म्हणाला. फोन ठेवायचा विसरला.
पलीकडे कॅम्पच्या भिंतीवर चेंडू आपटत होता,
या सप्टेंबरात, रात्री अकराला.
मारणारा तोच, अडवणारा तोच.

मी फोन कानाला धरून मोजत बसलो.
सोळा. सतरा. अठरा.
एकही सुटला नाही.