किरकोळ

सत्तावीस वर्षं झोन ऑफिसच्या लेखा शाखेत
मी एकच शब्द लिहीत आलो.
चार अक्षरं. पण काय मावायचं नाही त्यात!
मांडवाचं भाडं, पाहुण्यांची संत्रा बर्फी,
फुटलेल्या चेंबरचं झाकण,
न फुटलेल्याचंही.
शब्द कसला, पोतं होतं ते.
तोंड बांधलं की झालं.

मग सगळं ऑनलाइन आलं.
प्रत्येक खर्चाची ओळ, कोणालाही दिसेल अशी.
'किरकोळ' टाकलं की चौकट लाल:
किमान वीस अक्षरं लिहा.
घोडमारे साहेब म्हणाले, "मग पाच वेळा लिही ना,
किरकोळ किरकोळ किरकोळ किरकोळ किरकोळ.
मोज, बरोब्बर वीस."
आम्ही हसलो. मे महिना, कूलर घरघरत होता,
बाहेर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं.

त्याच आठवड्यात ती आली.
तांडापेठची प्रणोती धकाते,
दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे,
आणि हातातल्या मोबाईलवर माझी ओळ:
'विणकर गल्ली, सिमेंट बाक, नग चार,
रुपये एक लाख बारा हजार.'
"काका, तीनच आहेत. चौथा कुठी गेला?"
रागानं नाही,
शेजारी दिलेलं भांडं परत मागावं, तसं.

मी म्हणालो, तीन नंबरच्या खिडकीवर विचार.
"तीन नंबर तुमचीच आहे."

बाक मी कधी पाहिलाच नव्हता.
बिल पाहिलं होतं.
बिलावर सही, सहीवर शिक्का,
शिक्क्याखाली तारीख. इतकं सगळं असताना
बाक कशाला बघायचा?

संध्याकाळी गेलो. का गेलो, माहीत नाही;
घरी सांगितलं, दही आणतो.
एका बाकावर कांड्यांची टोपली,
दुसऱ्यावर कॅरम,
तिसऱ्यावर झोपलेला कुणी, तोंडावर पेपर.
आणि पुढे जमिनीवर खडूनं आखलेला
लांबोडका चौकोन, पोरांच्या अक्षरात:
बाक क्र. ४, रु. २८,०००.
त्यात एक म्हातारी मांडी घालून
शेंगा सोलत होती.
ती सरकली. म्हणाली, "बसा बाप्पा, जागा आहे."

बसलो.
सूर्य बुडून तास झाला होता,
तरी खालची फरशी भाजत होती.
कुणी काही बोललं नाही.
चार शेंगा माझ्या हातावर आल्या,
त्या मी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं:
'प्रत्यक्षात नग तीन. चौथ्या जागी
स्वतः बसून खात्री केली.'
वीस अक्षरं केव्हाच उलटली होती.
चौकट लाल झाली नाही.
घोडमारे साहेब झाले.

बदलीचा कागद अजून आला नाही.
प्रणोतीचा फोन मात्र आला काल रात्री,
मागे करघ्याचा आवाज:
"काका, जागे आहात ना?
आता मी खांबावरचे दिवे मोजून राहिली."