बारीक की जाड

काळाचौकीला, सायकलवाल्याच्या मागच्या बोळात
घाडीमामांची गिरणी. आत शिरलं की
पट्टा एवढा धडधडायचा,
ओरडून सांगितलं तरी
नुसतं तोंड हलल्यासारखं दिसायचं.

म्हणून बोटं.
अंगठा आणि तर्जनी घट्ट: बारीक, पोळीचं.
चिमूट जरा सैल: लाडवाचं, रवाळ.
तळव्यावर तळवा थापला: भाकरी.
आणि हात जोडले तर तो नमस्कार नव्हे,
उपासाचं आहे, आधीचं पीठ झाडून घ्या.
शाळेतलं व्याकरण माझं अजून चुकतं.
हे कधी चुकलं नाही.

मामांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या.
ते डबा उचलूनच वाचायचे.
दादा ऐरोलीला वेगळा राहायला गेला
त्या आठवड्यात दहा किलोचे सहा झाले.
मामांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
एक भुवई.
मी हात खाडीच्या दिशेला हलवला.
त्यांनी मान डोलावली
आणि माझं दळण रांगेतून पुढे घेतलं.

घरी आई कोयंडेबाईंना सांगत होती,
"तिकडे ऐसपैस आहे हो. हवा चांगली."
"हो ना, हवा महत्त्वाची," कोयंडेबाई म्हणाल्या,
आणि दोघी किती तरी वेळ
एवढासा लसूण सोलत बसल्या.

रात्री नऊला मामा म्हणायचे,
"गिरणी वाढवतो आता."
आमच्याकडे दुकान वाढवतात,
फुटलेली बांगडीही वाढवलेली असते,
दिवा शांत करतात, निघालेला माणूस येतो म्हणतो,
आणि "बघू" म्हणजे काय
हे सहलीचे पैसे मागितलेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

परवा गेले. तारीख अठ्ठावीस.
महिनाअखेरीला असते तशी गिरणी ओस,
पट्टा थांबलेला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मामांचा आवाज नीट ऐकला. किनरा आहे.
माझ्याशी कधी नव्हे ते मालवणीत बोलले:
"एकतीसाक बंद करतंय."

बंद.

बिल्डरचं नाव नाही, मुलाचं नाही,
गुडघ्याचं नाही, पाकिटातल्या आट्याचंही नाही.
वाढवतो म्हणाले असते
तर मी उद्या आले असते.

मला काही तरी बोलायला हवं होतं.
बोललेलं ऐकू येईल एवढी शांतता होती,
तीच अडचण.
मी चिमूट केली. बारीक.
मामांनी लगेच बटण दाबलं,
दोघांचीही सोय झाली.

दळून झालं तरी त्यांनी पट्टा चालूच ठेवला.
नोट पुढे केली, त्यांनी हात हवेत फिरवला:
पुढच्या वेळी.
मी नोट परत घडी घालून ठेवली,
जणू पुढची वेळ कुठे तरी लिहून ठेवलेली आहे.
"येते मामा," म्हटलं.
त्या आवाजात ऐकू गेलं नसणार.
मान डोलावली. तीच, ऐरोलीच्या वेळची.

घरी आईने सवयीने डब्यात हात घातला,
मनगटापर्यंत.
ताज्या पिठाची ऊब तिला आवडते
असं ती कधी म्हणालेली नाही.
"गार झालंय."
"गर्दी होती," मी म्हणाले.
आईने माझ्याकडे पाहिलं नाही.
"असेल," म्हणाली, "महिनाअखेर ना."

आणि झाकण लावायच्या आधी
तळहाताने पीठ सारखं केलं.
सारखंच होतं.
पुन्हा एकदा केलं.