पत्ता: ग्वाम

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. रात्रपाळी.
बाराशे टर्किश टॉवेल, पांढरे,
काठाला निळी पट्टी, पट्टीत हॉटेलचं नाव विणलेलं.
खोक्यावर चिकटवायचा पत्ता मशीनमधून आला
आणि मी तो दोनदा वाचला.

वल्लमदेसी सुपरवायझर म्हणाला, हे कुठं आलं?
म्हटलं, अमेरिकेत.
मग म्हटलं, नाही, समुद्रात.
अमेरिकेचं आहे, पण अमेरिकेत नाही.
तो म्हणाला, टेप लाव.

हे नाव मला शाळेत भेटलं नव्हतं.
भेटलं लिंगय्या येलदीच्या वहीत.
माझ्या आजोबांचा बाप.
करीमनगरकडून चालत आलेला, नऊ वर्षांचा,
एकोणीसशे सालच्या दुष्काळात
मिशनच्या शाळेत शिरला तो धान्यासाठी,
देव नंतर.
(देव शेवटपर्यंत नंतरच राहिला.
मार्कंडेयाचा रथ त्यानं एकदाही चुकवला नाही.)

अक्षर गोलसर, तेलुगू वळणाचं मराठी:

"आज मका आला. मुंबईहून मालगाडीनं. पोती अमेरिकेची.
आधी वाटलं घोड्याचे दात.
लवकर शिजत नाही. पोट दुखलं.
ताट संपेतो उठलो नाही."

ट्रेडवेल बाईंना पोरं तरटबाई म्हणत,
त्या रिकाम्या पोत्यावर बसून हजेरी घेत म्हणून.

"बाईंनी नकाशावर पिवळा खडू फिरवला.
पोर्टो रिको. मनिला. क्यूबा अर्धा रंगवून थांबल्या.
मग एक ठिपका. ठिपक्याचं नाव ग्वाम.
ठिपक्यात खडू मावेना,
भोवतीचा समुद्रपण पिवळा झाला."

"बाईंनी गोष्ट सांगितली.
अमेरिकेच्या जहाजानं ग्वामवर तोफा डागल्या.
तिथल्या स्पेनच्या साहेबाला लढाईची खबरच नव्हती.
त्याची माणसं होडीतून माफी मागायला आली:
तुमच्या सलामीला सलामी द्यायला
आमच्याकडे दारूगोळा शिल्लक नाही.
वर्ग हसला. बाई हसल्या. मीपण."

पुढचं पान खराब झालंय, तेल सांडल्यासारखं.
त्याच्या पुढं:

"बाईंचा भाऊ मनिलाला, शिपाई. पत्र आलं.
दोन दिवस वर्ग नाही.
विचारलं, तिकडं दुष्काळ पडलाय का?
म्हणाल्या, नाही. त्या लोकांना
राज्य करायला शिकवायचंय.
विचारलं, फळा कोणी नेला?
बाई बोलल्या नाहीत.
रात्री माझ्या ताटात एक वाटी जास्त वाढली."

मका आणि बंदुका
एकाच धक्क्यावरून जहाजात चढल्या का,
मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही.
शोधलं तर मक्याला शिवी द्यावी लागेल,
आणि त्या वाटीवाचून
मी नाही, ही रात्रपाळी नाही,
हे खोकं कोणी बांधलं असतं कुणास ठाऊक.

त्याच नकाशात सोलापूर तांबडं होतं.
ते त्यानं कुठंच लिहिलेलं नाही.
सवयीचा रंग दिसत नसावा.

पुढं तो जुन्या मिलमध्ये लागला, सांचावर.
वही मागं पडली. तीस वर्षं कोरी.
मग तीस सालचा मे महिना,
मार्शल लॉ, भोंगा बंद,
गोऱ्या शिपायांच्या गोळ्या रस्त्यातून,
आणि वहीत शाई फुटलेली एकच ओळ:

"ही सलामी नव्हे."

त्यानंतर काही नाही. धोब्याचा हिशेब.

झालं का, वल्लमदेसी विचारतो.
एक खोकं उरलंय.
त्या ठिपक्यावर कोणी आंघोळ करून बाहेर येईल,
पाहुणा असेल, नाहीतर शिपाई,
आणि कोणी बाई, तिथलीच,
ओला टॉवेल उचलून नेईल, नवा ठेवील.
तिच्या आजोबांच्या बापाकडे वही होती का?
त्या दिवशी ती माणसं
किनाऱ्यावर कुठं उभी होती?
तरटबाईंच्या गोष्टीत ती नव्हतीच.

पाठवणाऱ्याचा पत्ता छापून आला नाही.
मी मार्करनं लिहिते: सोलापूर.
अक्षर जरा गोल येतं.