आतली कडी

टायपिंग सेंटरमधल्या मलबारी पोराने विचारलं,
स्पॉन्सर कोण?
आणि बाबांनी सवयीने खिशातून आपलं कार्ड काढलं,
मुदत संपलेलं, कोपरा कापलेलं.
एकतीस वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर.
मी म्हटलं, मी.
त्याने मान वर न करता माझं नाव बडवलं,
मग त्याखाली, नातं: वडील.
बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत
रुमालाने कार्ड पुसत राहिले.

शारजात, रोला चौकाच्या मागे, पाचव्या मजल्यावर
आमच्या खिडक्या चार बोटं उघडायच्या.
पुढे लोखंडी पट्टी. पोरं पडतात म्हणून.
बाबांनी ती अजून आत सरकवली, दोन बोटं.
पडू नये म्हणूनच होतं सगळं.
फ्रीजवर चुंबकाखाली वेळापत्रक,
साडेचार अबॅकस, सहा गणित, सातला दूध.
भांग मधून. मैत्रिणी दोन, दोघींचे वडील ओळखीतले.
हॉटेलात मेन्यू माझ्यापर्यंत कधी आलाच नाही.
माझं अक्षरसुद्धा त्यांचंच,
‘श’ची गाठ जरा जास्तच घट्ट.

नववीत एकदा खोलीची कडी लावली.
काही करत नव्हते.
खजुराच्या बीवर निळ्या पेनाने रेघा ओढत होते,
उगाच,
कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.
दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कडी नव्हती.
चार भोकं होती, पांढऱ्या टूथपेस्टने बुजवलेली.
व्यवस्थित माणूस. दारावरसुद्धा वळ दिसू द्यायचे नाहीत.
आई म्हणाली, जेवून घे, पोळ्या गार होतायत.
तेव्हापासून दाराकडे पाठ करून
झोप येत नाही मला.

अबुधाबीत पहिला पगार झाला.
एक चादर घ्यायला गेले, चाळीस मिनिटं उभी.
निळी? पिवळी? हाताला घाम.
शेवटी त्यांनाच फोन लावला.
राखाडी घे, मळत नाही, म्हणाले.
अजून राखाडीवर झोपते.
नातं मग अकरा मिनिटांचं उरलं, दर शुक्रवारी:
हवा, बीपी, सोन्याचा भाव,
ठेवतो.

आई गेली. आता ते माझ्या व्हिसावर.
एसीचा रिमोट दोन्ही हातांत धरून विचारतात,
चोवीस करू का गं?
आणि मी काय म्हणते ऐका:
गोळी घेतली? उन्हात खाली जायचं नाही.
फोन घरी ठेवून गेलातच कसे?
कॉर्निशवर त्या पठाणाशी काय बोलत बसता तासभर,
ओळख ना पाळख.
ते मान खाली घालतात.
ती मान माझी आहे.
त्यांच्यासमोरच शिकले होते मी ती घालायला.

काल हार्डवेअरच्या दुकानातून पितळी कडी आणली,
बारा दिरहम.
स्क्रूड्रायव्हर त्यांचाच, तोच, पिवळ्या मुठीचा.
मी पिळत होते, ते खाली वाटी धरून,
स्क्रू घरंगळू नयेत म्हणून.
कुणी कशाचं नाव काढलं नाही.
एकदाच म्हणाले, तिरपी जातेय.
तिरपीच गेली. तशीच ठेवली.

दुपारी आवाज आला, खट.
आतून.
मी बाहेर, उचललेला हात तसाच.
चहाचं विचारायचं होतं, एवढंच.
सदुसष्ट वय. पडलेबिडले तर?
वीस मोजले. मग चाळीस.
आत काहीतरी बारीक खरडल्यासारखं,
पेन असेल,
नसेलही.

एक कप टाकला, माझ्यापुरता,
आणि गॅससमोर उभी राहिले
दाराकडे पाठ करून,
जमेल तेवढा वेळ.