कच्ची पिन

नागपूरच्या शिबिरातून बेबीनंदा उके
हात घेऊन आली, कापडी पिशवीत.
गोरा. नखांवर गुलाबी झाक.
"लग्नाले घालून जाईन," म्हणाली,
"पण मिलची दांडी याले धरता येत नाही."

आर्वी रोडवर माझं शेड : एक लेथ, एक वेल्डिंग.
मी शाफ्ट सरळ करतो, फाळ लावतो.
हात बनवणं माझं काम नव्हे.
तरी मनगटातून तो पंजा उकलला,
लुनाची ब्रेक केबल खांद्याच्या पट्ट्याला जोडली,
इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग, दोन लोखंडी बोटं,
आतून सायकलच्या ट्यूबचं रबर.
खांदा पुढे केला की उघडायचा,
सैल सोडला की
धरायचा.

तूर भरडली तिने तीन दिवस.
गुणवंता चाफले, डाळमिलवाला, म्हणाला, पक्कं काम.

चौथ्या दिवशी चिमटा माझ्या बाकावर,
उधारीची वस्तू परत करावी तसा.
"सोडत नाही, भाऊ."
मी स्प्रिंगकडे हात नेला.
"तसं नाही.
थ्रेशरनं बाही ओढली तवा
हाड होतं. तुटलं. म्हणून मी हाय.
हे लोखंड.
पट्ट्यात गेलं तं हे नाही तुटत,
मले घेऊन जाईन."

रोटाव्हेटरला आम्ही कच्चा बोल्ट घालतो,
दगड लागला की तो जातो, गिअरबॉक्स राहतो.
पक्का ठोकू नका रे, म्हणून
किती जणांवर ओरडलोय मी आजवर.

ॲल्युमिनियमची पिन घासली, कमरेत बारीक.
चिमटा आढ्याला टांगला, खाली बादली,
बादलीत घमेल्याने रेती.
अठरा किलोला तुटली. "लवकर तुटते."
चाळीसला तुटेना. ती नुसती बघत राहिली.
संध्याकाळपर्यंत सव्वीसवर आलो.
इतकं कमजोर काही
इतक्या मेहनतीने मी कधी बनवलं नव्हतं.

आता तिच्या चंचीत, सुपारीच्या खांडांत,
सहा पिना असतात.
दोन तुटल्या आजवर.
दोन्ही वेळा स्वतः पैसे द्यायला आली,
चहा पिऊन गेली,
कसं झालं ते मी विचारलं नाही.

गोरा पंजा माझ्याच फळीवर असतो,
ग्रीसच्या डब्यामागे, वर्तमानपत्रात.
लग्नसराईत घेऊन जाते.
यंदा परत आणला तेव्हा
दोन बोटं पिवळी.
पेट्रोलने पुसून पाहिली मी,
हळद गेली नाही.
"राहू दे," म्हणाली.